छोट्या ऑफिसच्या नेटवर्कवर स्वतःची नजर : ‘झॅबिक्स’ बसवण्याची सविस्तर माहिती

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो. शाळेच्या ऑफिसबाहेर पालकांची रांग लागलेली असते आणि नेमकं त्याच वेळी ‘नेट गेलं’ असं कळतं. क्लार्क राउटर बंद-चालू करून बघतो, कोणी केबल हलवतो, कोणी इंटरनेटवाल्याला फोन लावतो. तो सांगतो, “आमची लाइन चालू आहे, प्रॉब्लेम तुमच्या आत आहे.” आतले म्हणतात, “आमचं सगळं ठीक आहे.” या वादात दोन तास जातात आणि नुकसान होतं ते रांगेत उभ्या असलेल्या मुलांचं.

शाळा असो, दवाखाना असो, पतसंस्था असो किंवा टूर्स-ट्रॅव्हल्सचं ऑफिस, आता सगळं कामकाज नेटवर चालतं. पण आपल्या नेटवर्कमध्ये नेमकं काय-काय जोडलेलं आहे, हे बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो गावाला गेला किंवा नोकरी सोडून गेला की सगळे अंधारात. यावरचा उपाय म्हणजे नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर. ते मोठ्या कंपन्यांसाठीच असतं, हा गैरसमज आहे. दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या ऑफिसातही ते बसवता येतं आणि त्यासाठी सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

हे सॉफ्टवेअर करतं तरी काय?

साधं सांगायचं तर हा रात्रंदिवस जागणारा राखणदार आहे. तो दर मिनिटाला राउटर, स्विच, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर अशा प्रत्येक उपकरणाला ‘आहेस का?’ असं विचारतो. याला पिंग म्हणतात. उत्तर आलं नाही तर नोंद करतो आणि मोबाइलवर निरोप पाठवतो.

त्याहून जास्त माहिती हवी असेल तर एसएनएमपी नावाची पद्धत वापरतात. नेटवर्कमधल्या उपकरणांना त्यांची तब्येत विचारण्याची ही ठरलेली भाषा आहे. ती १९८८ पासून वापरात आहे. स्विचच्या कोणत्या पोर्टवरून किती डेटा जातो, उपकरण कधीपासून चालू आहे, असं बरंच काही तिच्यातून कळतं. कॉम्प्युटरसाठी ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवतात. तो डिस्क किती भरली, मेमरी किती वापरात आहे, हे कळवतो.

कोणतं सॉफ्टवेअर निवडावं?

पर्याय बरेच आहेत. नॅगिओस जुनं आणि नावाजलेलं आहे. लिब्रेएनएमएस एसएनएमपीच्या उपकरणांसाठी चांगलं आहे. पीआरटीजी विंडोजवर चालतं. चार-पाच उपकरणं चालू आहेत की बंद, एवढंच पाहायचं असेल तर अपटाइम कुमा पुरेसं आहे.

या लेखात आपण झॅबिक्स घेतलं आहे. अलेक्सेई व्लादिशेव यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २००५ पासून लॅटव्हियातल्या रिगा शहरातली कंपनी ते सांभाळते. सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि उपकरणांच्या संख्येवर बंधन नाही. खाली दिलेली मेनूची नावं ७.० या आवृत्तीतली आहेत.

पायरी १ : आधी वही, मग कॉम्प्युटर

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी ऑफिसात एक चक्कर मारा. राउटर, स्विच, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, कॉम्प्युटर हे सगळं वहीत उतरवा. प्रत्येकापुढे तो कुठे आहे, मॉडेल काय, आयपी पत्ता काय आणि कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला केबल जाते, हे लिहा. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

मग पत्ते पक्के करा. राउटर रोज नवा आयपी पत्ता देत असेल, तर आज प्रिंटर म्हणून जोडलेला पत्ता उद्या कुणाच्या तरी मोबाइलला मिळालेला असेल. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ची सोय असते. तिथे महत्त्वाच्या उपकरणांना कायमचा पत्ता द्या. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१ हा राउटर असेल तर २ ते ५० पक्क्या उपकरणांसाठी आणि १०० ते २०० बदलत्या पत्त्यांसाठी ठेवा.

पायरी २ : सर्व्हरसाठी मशीन

नवा महागडा सर्व्हर नको. दोन कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना कॉम्प्युटर छोट्या ऑफिसला पुरतो. मात्र चार गोष्टी पाळा. तो चोवीस तास चालू राहिला पाहिजे, वायफायवर नाही तर केबलने जोडलेला पाहिजे, यूपीएसवर पाहिजे आणि त्यावर दुसरं काही काम करायचं नाही. राउटर आणि मुख्य स्विचही यूपीएसवर घ्या. नाहीतर वीज गेली की राखणदार जागा, पण रस्ता बंद, अशी गत होते.

झॅबिक्सचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. उबंटू सर्व्हर किंवा डेबियन दोन्ही मोफत आहेत. सर्व्हरचा आयपी पत्ता पक्का करा आणि घड्याळ आपोआप जुळेल अशी सेटिंग ठेवा. घड्याळ चुकलं तर ‘नेट किती वाजता गेलं’ या नोंदीला अर्थ उरत नाही.

पायरी ३ : झॅबिक्स बसवणे

झॅबिक्सच्या अधिकृत साइटवर डाउनलोडच्या पानावर आवृत्ती, लिनक्सचा प्रकार, डेटाबेस आणि वेब सर्व्हर निवडायचं. त्याप्रमाणे द्यायच्या कमांड तिथेच खाली क्रमाने दिसतात. त्या एकेक करून टर्मिनलमध्ये द्या. आवृत्ती निवडताना दीर्घकाळ सांभाळली जाणारी, म्हणजे ‘एलटीएस’ घ्या. डेटाबेस मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल, दोन्ही चालतात. डेटाबेसचा पासवर्ड स्वतःचा ठेवा, उदाहरणात दिलेला तसाच ठेवू नका.

त्यानंतर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून सर्व्हरचा पत्ता उघडला की मांडणीचं पान येतं. त्यात डेटाबेसची माहिती भरा, वेळ ‘एशिया/कोलकाता’ निवडा. पहिल्यांदा आत जाण्यासाठी नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘झॅबिक्स’ असतो. दोन्ही इंग्रजीत टाइप करायचे, नावाचं पहिलं अक्षर मोठं. हा पासवर्ड जगाला माहीत आहे, म्हणून आत गेल्यावर पहिलं काम तो बदलण्याचं.

पायरी ४ : उपकरणं जोडणे

‘डेटा कलेक्शन’मध्ये ‘होस्ट्स’ आणि तिथे ‘क्रिएट होस्ट’ असा रस्ता आहे. नाव असं द्या की कुणालाही कळावं : ‘ऑफिस-प्रिंटर’, ‘पहिला-मजला-स्विच’. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी.

सुरुवातीला सगळ्यांना फक्त ‘आयसीएमपी पिंग’ हा टेम्प्लेट लावा. टेम्प्लेट म्हणजे काय तपासायचं आणि कधी बोंब मारायची याची तयार यादी. या टेम्प्लेटमध्ये लागोपाठ तीन पिंगना उत्तर आलं नाही की उपकरण बंद समजलं जातं. पाच मिनिटं सतत २० टक्क्यांहून जास्त पिंग हरवत असतील तर तोही इशारा मिळतो. विंडोजची फायरवॉल पिंग अडवत असेल तर तिथे परवानगी द्यावी लागते.

त्यानंतर विंडोज कॉम्प्युटरवर एजंट बसवा. बसवताना तो सर्व्हरचा पत्ता विचारतो, तो बरोबर भरा. फायरवॉलमध्ये १००५० हा पोर्ट फक्त झॅबिक्स सर्व्हरसाठी खुला करा. हिशेबाचा कॉम्प्युटर आणि ज्यावर बॅकअप ठेवला आहे तो, यांच्यापासून सुरुवात करा. ड्राइव्ह भरत आल्याचं आधी कळणं ही मोठी गोष्ट आहे.

स्विच आणि प्रिंटरसाठी एसएनएमपी. इथे लक्षात ठेवा की स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. इंटरनेटवाल्याने दिलेल्या बऱ्याच राउटरमध्येही ती मिळत नाही. तिथे पिंगवर समाधान मानावं. सोय असेल तर यूडीपी १६१ या पोर्टवरून ती चालते. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कम्युनिटी’ नावाचा परवलीचा शब्द असतो आणि अनेक उपकरणांत तो ‘पब्लिक’ असाच आलेला असतो. तो बदला आणि फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. हा शब्द नेटवर्कवरून उघडा जातो, म्हणून उपकरणात तिसऱ्या आवृत्तीची सोय असेल तर तीच वापरा.

पायरी ५ : भांडण मिटवणारे तीन पिंग

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. तीन ठिकाणांचं पिंग कायम चालू ठेवा : आपला राउटर, इंटरनेट कंपनीचं आपल्याला सगळ्यात जवळचं गेटवे, आणि बाहेरचा एखादा सार्वजनिक पत्ता, जसं गूगलचा ८.८.८.८. गेटवेचा पत्ता राउटरच्या स्टेटसच्या पानावर दिसतो. काही गेटवे पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा दोन पिंगवर काम चालवा.

राउटरच उत्तर देत नसेल तर दोष आत आहे. राउटर देतो, पण गेटवे देत नाही, तर लाइनमध्ये दोष. गेटवेपर्यंत ठीक आणि पुढे बंद, तर कंपनीच्या पुढच्या नेटवर्कमध्ये. महिनाभराचा आलेख हातात असला की तक्रार करताना ‘नेट नेहमी जातं’ असं मोघम बोलावं लागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती मिनिटं, हे कागदावर दाखवता येतं. पैसे आपण भरतो, मग हिशेबही मागता आला पाहिजे.

पायरी ६ : इशारे, पण मोजकेच

इशारा पोहोचायला तीन गोष्टी लागतात. ‘मीडिया टाइप’मध्ये ईमेल किंवा टेलिग्रामची माहिती, वापरणाऱ्याच्या खात्यात त्याचा पत्ता, आणि ‘ट्रिगर ॲक्शन्स’मध्ये चालू केलेली कृती. झॅबिक्समध्ये तयार असलेली कृती सुरुवातीला बंद असते. “सगळं केलं तरी मेल येत नाही” अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. जीमेल वापरत असाल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही.

एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. नेटच गेलं तर मेल जाणार कसा? त्यासाठी शक्य असेल तर राउटरला दुसरी लाइन किंवा सिमकार्डचा पर्याय ठेवा. नाहीतर ऑफिसात एका स्क्रीनवर ‘प्रॉब्लेम्स’चं पान उघडं ठेवा. ते आतल्या नेटवर्कवर चालतं, त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही.

दुसरी गोष्ट, इशाऱ्यांचा पाऊस. मुख्य स्विच बंद पडला की त्यामागची दहा उपकरणंही ‘बंद’ दिसतात आणि मोबाइलवर अकरा मेसेज येतात. म्हणून ‘डिपेंडन्सी’ लावा, म्हणजे स्विच बंद असताना बाकीचे गप्प राहतील. रात्री कॉम्प्युटर बंद करतात, त्यांचे इशारे रात्री नकोत, त्यासाठी ‘मेंटेनन्स’ची वेळ ठरवा. रोज पन्नास मेसेज आले की माणूस एकही वाचत नाही आणि खरा इशारा त्यातच हरवतो.

सुरक्षा आणि विश्वास

झॅबिक्सचं पान इंटरनेटवर उघडं करू नका. बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा. सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करा आणि डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

कर्मचाऱ्यांनाही विश्वासात घ्या. आपण इथे बसवलेली मांडणी उपकरण चालू आहे का, किती डेटा गेला, डिस्क किती भरली, एवढंच बघते. कोण काय वाचतो किंवा कुणाशी बोलतो, हे ती बघत नाही. हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे ‘आमच्यावर पाळत ठेवली’ अशी कुजबुज होत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ चा कायदा आहे. विद्यार्थी आणि रुग्णांची माहिती ठेवणाऱ्या संस्थांनी तो विसरू नये.

एका माणसावर अवलंबून राहू नका

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. झॅबिक्स बसवून दिलं आणि पासवर्ड बसवणाऱ्याच्याच खिशात राहिला, तर आपण होतो तिथेच आहोत. म्हणून उपकरणांची वही, नेटवर्कचा नकाशा आणि पासवर्डचा बंद लिफाफा संस्थेच्या कपाटात असू द्या. निदान दोन माणसांना पान उघडून लाल आणि हिरवं काय ते समजलं पाहिजे. त्यातला एक जण ऑफिसचाच क्लार्क असेल तर उत्तम.

घरात आयटीआय, डिप्लोमा किंवा बीसीए करणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना हे काम जरूर करू द्या. जुना कॉम्प्युटर आणि घरचा राउटर एवढ्यावर सराव होतो. हेच सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांतही वापरलं जातं, त्यामुळे इथली मेहनत पुढे नोकरीत कामी येते. आजच सगळं करायची गरज नाही. या आठवड्यात वही पूर्ण करा, पुढच्या आठवड्यात सर्व्हर, मग एकेक उपकरण. पुढच्या वर्षी अर्जांच्या शेवटच्या दिवशी नेट गेलंच, तर दोष कुठे आहे हे तुम्हाला पाच मिनिटांत सांगता येईल आणि रांगेतल्या मुलांचा दिवस वाया जाणार नाही.