माहेश्वरी लुगड्याचा ताणाबाणा

नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर नावाचे लहानसे नगर आहे. १७६७ साली होळकरांच्या दौलतीचा कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी ते आपल्या राजधानीचे ठिकाण केले. आल्यागेल्यास अहेर देण्याजोगी वस्त्रे येथेच व्हावीत म्हणून त्यांनी दूरदूरचे विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. किल्ल्याच्या दगडांतील वीट, चटई, लहर ही नक्षी लुगड्याच्या काठावर उतरली.

१८१८ साली मंदसोरचा तह होऊन राजधानी इंदुरास गेली व राजाश्रय ओसरला. पुढे पुष्कळ माग मुके झाले. १९७८ साली स्थापन झालेल्या रेहवा संस्थेने विणकर स्त्रियांना हाताशी धरून ते पुन्हा बोलते केले.

आरंभी ही लुगडी निव्वळ बारीक सुताची असत. रेशमाचा ताणा व सुताचा बाणा ही जोडी विसाव्या शतकातली. यात एक मर्म आहे. सूत हे वनस्पतीचे, रेशीम हे कीटकाचे. कढत पाणी व धुण्याचा सोडा सूत सोसते, रेशीम सोसत नाही. म्हणून अशा वस्त्राची निगा त्यातील दुबळ्या धाग्याच्या बेताने ठेवावी. थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात, ते वेगळे व झटपट धुवावे; पिळू नये; सावलीत वाळवावे. खळ देऊन पेटीत ठेवू नये, कारण खळीला कसर लागते.

हे ज्ञान मला उशिरा झाले. माझ्या पत्नीचे एकुलते एक माहेश्वरी लुगडे तिच्या पश्चात मी मोठ्या जपणुकीने ट्रंकेत ठेवले. अकरा वर्षे त्यास हात लावला नाही, हीच माझी जपणूक! नातीच्या लग्नात उलगडले, तो आडव्या घडीवर रेशमाचा ताणा तुटलेला. काठ मात्र कालच विणल्यासारखा होता. चाळीस वर्षे मुलांना 'वापराने वस्तू झिजते' असे शिकविणारा मी त्या दिवशी निरुत्तर झालो.

म्हणून माझी विनंती एवढीच. दर दोन-तीन महिन्यांनी लुगडे बाहेर काढावे, वारा द्यावा, घडी बदलावी, मऊ सुती फडक्यात गुंडाळावे. आणि सणावारी ते अवश्य नेसावे. माग चालता राहतो तो नेसणारीमुळे. पेटीतल्या वस्त्राने विणकराची चूल पेटत नाही.