वेस, कुलूप आणि नोटीस

'अतिक्रमण' हा मराठीतला मोठा विलक्षण शब्द आहे. 1860 साली इंग्रजांनी या देशासाठी जी दंडसंहिता केली, तिच्या मराठी रूपात चोर दुसऱ्याच्या घरात शिरतो त्या कृत्याला 'गृह-अतिक्रमण' म्हटले आहे. आणि मुंबई महापालिकेचे जे पथक झोपड्या पाडत फिरते, त्याचे काम 'अतिक्रमण निर्मूलन'! एका ठिकाणी घरात घुसणारा अतिक्रमण करतो, दुसऱ्या ठिकाणी घरात राहणारा. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत. आपल्या भाषांतरकारांनी मात्र एकाच शब्दात दोन्ही कोंबले आणि नकळत इथल्या व्यवस्थेचे एक सत्य सांगून टाकले.

त्या दंडसंहितेच्या 442व्या कलमात घर कशाला म्हणावे हेही लिहिलेले होते. माणूस राहत असेल तर इमारत हे घर, तंबू हेही घर, पाण्यावरची नावसुद्धा घर. कायद्याने विटा-सिमेंट मागितले नाही की सातबारा मागितला नाही. माणसाचे राहणे एवढीच कसोटी. 445व्या कलमात घरफोडीचे सहा प्रकार सांगितले होते : भिंतीला भगदाड पाडून शिरणे, कुलूप उघडून शिरणे, दांडगाई करून शिरणे वगैरे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी हेच केले तर शिक्षा अधिक कडक. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण तंबूचे घरपण तिच्यातही शाबूत आहे. म्हणजे ट्रॉम्बेच्या खाडीकाठी प्लास्टिकचा कागद ताणून राहणाऱ्या बाईच्या खोपटात चोर शिरला तर कायद्याच्या नजरेत ते घर असते. तेच खोपटे पाडायला दिवसाढवळ्या गाडी आली की ते घर राहत नाही, 'बांधकाम' होते. घर केव्हा घर असते आणि केव्हा नसते, हे येणारा कोण आहे त्यावरून ठरते!

घराच्या रक्षणाचा इतिहास लिहिणारे वाडे, बुरूज, दिंडीदरवाजे आणि अडसर यांचे वर्णन करून थांबतात. राखण करणारा माणूस कुठे झोपत होता, हे कोणी विचारत नाही. मराठी गावाला कूस होते, वेस होती. रात्री वेस लावायची, अनोळखी माणूस आला तर त्याची खबर पाटलाला द्यायची, चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा, आणि तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या लोकांच्या हवाली करायचा, ही सारी कामे महाराकडे होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा'मध्ये गावकामगारांचा हा सारा संसार आला आहे, जरी आत्र्यांची नजर ही गावाच्या आतून बाहेर पाहणारी नजर आहे. वेसकराने वेस लावली म्हणजे गाव आत सुरक्षित होई. आणि वेसकर? तो गावकुसाबाहेर! ज्याच्या जागेपणावर गाव निर्धास्त झोपत होते त्याचा महारवाडा रात्रीच्या काळोखात उघडाच होता. कोल्हा आला काय, लुटारू आला काय, किंवा गावातलाच एखादा दांडगा आला काय, त्याच्या आणि महारवाड्याच्या मध्ये कूस नव्हते. महारवाड्यात नेण्यासारखे तरी काय होते, असे कोणी म्हणेल. लुटारूला नसेल, पण अब्रू तर होती!

राखणीचे दुसरे काम रामोशी, बेरड, भिल्ल यांच्याकडे. ज्याला चोराच्या वाटा ठाऊक त्यालाच धान्य देऊन राखण सोपवायची आणि चोरी झाली तर त्यालाच जबाबदार धरायचे, ही गावाची रीत. पुढे 1871 सालच्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. हजेऱ्या आल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या 'सेटलमेंट' आल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण आजही आपल्या राज्यात रामोशी आणि बेरड हे 'विमुक्त' म्हणूनच नोंदले जातात. काल राखणदार, आज चोर. दोन्ही वेळा नेमणूक करणारे हात वरचेच.

या राखणीला 'वतन' असे भारदस्त नाव होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याला दुरुस्तीचे विधेयक आणले ते याचसाठी. दिवसरात्र राबवून घेणारे आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा नि भाकरीचे तुकडे देणारे हे वतन म्हणजे गुलामगिरी आहे, हे त्यांनी पुरेपूर ओळखले होते. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा झाला 1958 साली, बाबासाहेब गेल्यावर.

माझा आजा हा आमच्या घराण्यातला शेवटचा येसकर. वतन सुटले आणि 1972च्या दुष्काळाने गावही सुटले. मुंबईत आल्यावर त्याला काम कोणते मिळाले असेल? वॉचमनचे! चेंबूरच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर तो रात्रपाळीला उभा राहत असे. खाकी डगला, काठी आणि बॅटरी. वेशीच्या जागी फाटक आले आणि पाटलाच्या जागी मॅनेजर, एवढाच फरक. तो दुसऱ्याचे फाटक राखी तेव्हा मानखुर्दच्या पुढे, पत्र्याच्या खोलीत, माझी आजी तीन पोरांना घेऊन दाराशी पाटा लावून झोपे. कडी होती, पण ती ज्या पत्र्याला ठोकली होती तो पत्रा हाताने वाकवता येई. ही गोष्ट मी पदवी घेऊन प्राध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्गात कोणी हसत नाही, कारण निम्म्या वर्गाचे बाप आजही कोणत्या ना कोणत्या सोसायटीच्या गेटवर असतात.

आमच्या वस्तीत घर राखायच्या रीती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. पेटी खाटेच्या पायाला साखळीने बांधायची. पैसे तांदळाच्या डब्यात ठेवायचे, पण डबा वरचा नव्हे. शेजारणीला सांगितल्याशिवाय बाहेर जायचे नाही. बोळाच्या तोंडाशी एखादी म्हातारी दिवसभर बसलेली असे आणि तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नसे. कुलपापेक्षा ती म्हातारी अधिक भरवशाची. पण सर्वांत मोठा नियम वेगळाच होता : घर रिकामे ठेवायचे नाही. गावी लग्न असो की मयत असो, एक माणूस मागे राहिलाच पाहिजे. हा नियम चोरासाठी आहे असे मला लहानपणी वाटे. पुढे कळले की तो पालिकेच्या गाडीसाठी होता. बंद खोली पाडायला सोपी. शिवाय मोजणीला माणसे आली आणि दाराला कुलूप दिसले तर यादीत नाव येत नाही. म्हणजे जे कुलूप मध्यमवर्गीयाचे घर वाचवते तेच कुलूप आमचे घर घालवते!

मी पाचवीत असताना आमच्याकडे चोरी झाली. मागचा पत्रा वाकवून कोणीतरी आले. रेडिओ, दोन पितळी भांडी आणि आईचे डोरले गेले. पेटी उचकटून सगळे खाली टाकले होते. आई डोरल्यासाठी रडत होती. आजीने मात्र भुईवर बसून एकेक कागद उचलला : रेशनकार्ड, फोटोपास, मतदार यादीचा उतारा. मोजून झाल्यावर म्हणाली, "कागदं हायती. मग घर हाय." चौकीवर तक्रार द्यायला बाप गेला तर तिथल्या माणसाने विचारले, "झोपडपट्टीत काय चोरीला जाणार?" तक्रार लिहून घेतली गेली नाही. 442व्या कलमातला तंबू त्या चौकीच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता.

आता ट्रॉम्बेचा मोठा इतिहास. याच भागात स्वातंत्र्यानंतर देशाच्या प्रगतीची मंदिरे उभी राहिली. अणुशक्तीचे केंद्र 1954 साली, त्याच सुमारास माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, 1956 साली टाटांचे वीजकेंद्र आणि त्याच वर्षी 'अप्सरा' अणुभट्टी. 1967 साली केंद्राला भाभांचे नाव मिळाले. उंच कुंपणे, तारा, पहारे. त्याच्या शेजारीच जनता कॉलनी होती. ती कोणी चोरून वसवलेली नव्हती. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या माणसांना पालिकेनेच तिथे आणून टाकले होते. त्यांनी दलदल भरली, घरे बांधली, दुकाने काढली. आणि मग ती जागा अणुकेंद्राला हवीशी झाली.

या कॉलनीत 1963 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडून एक सुतारकाम करणारा तरुण आला होता, जॉकिन अर्पुथम. कचरा उचलला जात नाही म्हणून याने पोरांकरवी कॉलनीचा कचरा पालिकेच्या कचेरीपुढे नेऊन टाकला, अशी त्याची सुरुवात. पुढे कॉलनी वाचवण्यासाठी तो वर्षानुवर्षे मोर्चे, कोर्ट, दिल्ली असा झगडत राहिला. झोपडीवासीयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती याच झगड्यातून. पण 1975च्या जूनमध्ये आणीबाणी आली. 17 मे 1976 रोजी, पावसाळा तोंडावर असताना, मोठ्या पोलीस बंदोबस्तात जनता कॉलनी पाडण्यात आली. सुमारे 70 हजार माणसे! त्यांना तिथून जवळच चिखलाच्या जागेवर नेऊन सोडले. तोच आजचा चीता कॅम्प.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची मोजणी केली होती आणि फोटोपास द्यायला घेतले होते. चोराला कुलूप आणि सरकारला कागद, ही मुंबईच्या गरिबांची रीत इथून पक्की झाली. पुढे तारखा सरकत गेल्या : 1976, 1980, 1985, मग 1 जानेवारी 1995, मग 2000, मग 2011. कोणत्या तारखेच्या अलीकडे तुम्ही आलात त्यावर तुम्ही रहिवासी की घुसखोर हे ठरते. माणूस तोच, चूल तीच!

1981 साली ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना पदपथांवरच्या माणसांना मुंबईबाहेर घालवण्याचा आदेश निघाला. ऑल्गा टेलिस या पत्रकार आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. पालिका कायद्याचे 314वे कलम आयुक्तांना नोटीस न देता बांधकाम हटवण्याचा अधिकार देते. नोटीस कशाला द्यायची, असा पालिकेचा सवाल होता. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे या निकालाने सांगितले, आणि तो भाग आपण सर्व जण भाषणांत सांगतो. पण निकालात आणखीही काही आहे. ही माणसे गुन्हा करायच्या हेतूने पदपथावर राहत नाहीत, म्हणून ती फौजदारी अर्थाने अतिक्रमण करणारी नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. नागरी कायद्याप्रमाणे मात्र ती अतिक्रमण करणारीच! त्यांना हटवण्यापूर्वी साधारणतः नोटीस दिली पाहिजे, पण या प्रकरणात आम्हीच त्यांचे म्हणणे भरपूर ऐकले आहे, म्हणून आता आयुक्तांनी वेगळे ऐकण्याची गरज नाही. 1976च्या मोजणीतल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हलवू नये. हक्क मिळाला आणि घर गेले. दोन्ही एकाच निकालात. मी हा निकाल शिकवतो तेव्हा पहिल्या भागावर टाळ्या पडतात. दुसरा भाग वाचू लागलो की चीता कॅम्पातली मुले खाली पाहतात.

जॉकिनच्या आयुष्यातली एक गोष्ट मला सतत कोड्यात टाकते. 2000 साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि 2004च्या सुमारास मुंबईचे पोलीस आयुक्त अ. ना. रॉय यांच्याबरोबर त्याच्या संघटनेने वस्त्यांत 'पोलीस पंचायती' सुरू केल्या. वस्तीतले दहा जण, त्यांपैकी सात बाया, आणि सोबत एक पोलीस. भांडणे, दारूडे, बायकांना होणारी मारहाण यांचा निवाडा वस्तीतच. ज्या पोलिसांच्या कड्यात त्याची वस्ती पाडली गेली त्याच पोलिसांना त्याने वस्तीत खुर्ची दिली! माझे काही मित्र याला शरणागती म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. आमची तक्रार ज्या टेबलावर लिहिली गेली नाही ते टेबल बोळात आणून त्याच्यामागे सात बाया बसवणे, हे काही लहान काम नव्हे. परंतु त्याच 2004च्या डिसेंबरापासून सरकारने मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या आणि मानखुर्दचे मंडाळा त्यात होते, हेही खरे. चोराविरुद्ध पंचायत होती. पाडापाडीविरुद्ध तिचे काही चालले नाही. 'घर बचाओ घर बनाओ' आंदोलन उभे राहिले ते त्यानंतर. जॉकिन 13 ऑक्टोबर 2018 रोजी गेला.

आता मी पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतो. दाराला लोखंडी जाळी आहे, जिन्यात कॅमेरा आहे आणि खाली गेटवर वॉचमन आहे. तो जालन्याकडचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचे नाव वहीत लिहितो. माझ्या नातेवाइकांना जरा जास्तच प्रश्न विचारतो, कारण त्यांचे कपडे त्याच्यासारखेच असतात. परवा रात्री उशिरा परतलो तेव्हा त्याला विचारले, गावी पोळ्याला गेला नाहीस का? तो म्हणाला, "बायकोपोरं गेली, सर. खोली मंडाळ्यात हाय ना. खोली बंद ठेवून कसं जाणार?"