तड्यावरचे टाके

आमच्या घरी भाकरीचे पीठ मळायची लाकडी काठवट होती. तिला तडा गेला तेव्हा वडिलांनी दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेचे टाके घातले. अगदी सारख्या अंतरावर. आई म्हणायची, "गोधडीच शिवली जणू!" आई गेल्यावर घर आवरताना मी ती काठवट बंबात घातली. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने!

परवा इंग्लंडमधल्या यॉर्क शहराविषयी वाचताना ती आठवली. तिथल्या 'कॉपरगेट' रस्त्याचा तांब्याशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ 'पेले करणाऱ्यांचा रस्ता', म्हणजे आपली कातारआळीच. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले. मातीत कायम ओल आणि हवा अजिबात नाही, त्यामुळे हजारेक वर्षांपूर्वीचे लाकूडही कुजले नव्हते. कातलेले वाडगे निघाले, कातताना उरलेले गाभे निघाले आणि तडे धातूने सांधलेले वाडगेही निघाले.

लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आक्रसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट आक्रसते. त्यामुळे तडा हा वाडग्याच्या नशिबीच. पण नवा वाडगा शेजारीच मिळत असताना जुना कोणी का सांधला असेल?

श्रीमंतांकडेही लाकडी वाडगेच असत, पण मेपलच्या गाठीचे आणि चांदीच्या कडेचे. त्यांना 'मेझर' म्हणत. तडा गेला तर त्यावर चांदीची पट्टी बसे आणि दुरुस्तीचाच दागिना होई. रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस १६६० साली सॅफ्रन वॉल्डनच्या गरिबांसाठीच्या धर्मशाळेत अशाच चांदीच्या कडेच्या वाडग्यातून प्यायला. तळाशी चांदीत मेरी आणि बाळ येशू होते, हेही त्याने लिहून ठेवले.

चांदीचे वाडगे कपाटांत जपले गेले. गरिबाचा टाका मात्र चिखलाने सांभाळला म्हणून उरला. वर्गात मी राजांच्या सनावळ्या घोकून घेतल्या. कोणाच्या घरचे भांडे कोणी, कसे सांधले, हा प्रश्न मला कधी सुचलाच नाही. वडिलांच्या हातचे तेवढेच एक काम घरात उरले होते.

असो. तुमच्या माळ्यावर असे काही असेल तर टाकण्याआधी निदान टाके तरी मोजून ठेवा. आमच्या काठवटीला सात होते की नऊ, ते मला आता आठवत नाही.