माडाला फांदी नसते

माडाखालून जाताना वर बघायची सवय आपल्याला लहानपणापासून असते, नारळ डोक्यात पडू नये म्हणून. आज आम्ही माडावर चढणाऱ्याबद्दल आणि त्याच्या दोरीबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या चौघींनी नारळ काढायला शिकायचं ठरवलंय. घरोघरी त्यांना एकच प्रश्न विचारला जातोय: पडलीस तर?

प्रश्न रास्तच आहे. आपला पाडेली पिढ्यान् पिढ्या कसा चढत आला ते आठवा. माडाच्या खोडाला कोयत्याने पाडलेल्या खाचा, पायांत काथ्याचा नाहीतर जुन्या कापडाचा पिळलेला फास, आणि हातांनी खोडाला मिठी. फासामुळे दोन्ही पाय खोडाला दोन बाजूंनी आवळून धरतात. केरळातही असाच फास, त्याला तिकडे तळप्पू म्हणतात. पण हा फास चढायला मदत करतो, पडणाऱ्याला धरत नाही. हात सुटला की माणूस आणि जमीन यांच्या मध्ये काहीच नाही. आमच्यापैकी एकीचे सासरे असेच पडले. त्यानंतर त्या घरात माडावर चढायचा विषयसुद्धा कुणी काढत नाही.

मग वरती दोर बांधून का चढत नाहीत? कारण माडाला फांदी नसते. वर झावळ्या असतात, पण पिकलेली झावळ देठापासून केव्हा सुटेल याचा भरवसा नाही. म्हणून माडा-ताडावर दोर वरून टांगत नाहीत, खोडाभोवती घेतात. तेलंगणात ताडी काढणारे लोक स्वतःची कंबर आणि ताडाचं खोड यांच्याभोवती मिळून एक जाड दोर घेतात. त्याला मोकू म्हणतात. अंग मागे टाकलं की दोर ताणला जातो आणि खोडाला घट्ट बसतो. मग पाय वर घ्यायचे, अंग पुढे आणायचं, दोर सैल करून वर सरकवायचा, पुन्हा मागे रेलायचं. धोका असतो तो दोर सैल होतो त्या क्षणी. पावसात खोड निसरडं झालं तर दोर माणसासकट खाली घसरतो. तिथे इतकी माणसं पडली की 2024 च्या जुलैपासून तेलंगण सरकारने ताडी काढणाऱ्यांना सुरक्षेचा संच द्यायला सुरुवात केली. त्याला नाव दिलं काटमय्याचं. काटमय्या हे त्यांचं दैवत.

जंगलातल्या झाडांची गोष्ट निराळी. त्यांना फांद्या असतात, त्यामुळे दोर वर टाकता येतो. ही विद्या अभ्यासकांच्या हाती अलीकडेच आली आणि त्यात एक बाई पुढे होती, हे सांगायला आम्हाला फार आवडतं. मार्गारेट लोमन मूळच्या अमेरिकेच्या, ऑस्ट्रेलियात सिडनीला शिकायला गेल्या. उंच झाडांच्या शेंड्याकडची पानं कोणते किडे खातात ते त्यांना बघायचं होतं. गुहांत उतरणाऱ्या मंडळींकडून त्या दोराचं तंत्र शिकल्या. 1979 साली त्यांनी कमरेचा पट्टा गाडीच्या सीटबेल्टच्या पट्टीपासून स्वतः शिवला आणि लोखंडी बेचकी तयार केली. बेचकीने आधी मासेमारीची बारीक दोरी, पुढे वजन लावून, फांदीवरून पलीकडे टाकायची. तिला जाड सुतळी बांधून ओढायची, सुतळीला चढायचा दोर. शिवणकाम येणाऱ्या बाईला झाडावर चढता येतं, असं आम्ही घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसू देत.

फांदीवरून घेतलेल्या दोराचं एक गणित मात्र लक्षात ठेवा. दोराचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधलं, तर फांदीवर चढणारीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. विहिरीवरचा रहाट आठवा. कळशी एका बाजूने खाली ओढते, आपण दुसऱ्या बाजूने. आडव्या लाकडाला दोघांचाही ताण सोसावा लागतो. 55 किलोची बाई दोरावर असेल तर फांदी सुमारे 110 किलो पेलणारी हवी, आणि त्याहून बरीच जास्त पेलणारी असली तर उत्तम. म्हणून आधी दोघी-तिघींनी खालूनच दोराला लोंबकळून बघायचं.

दोरावर न घसरता थांबायचं कसं, याचं उत्तर कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहकाने 1931 साली जगापुढे ठेवलं. बारीक दोरीचं कडं जाड दोराभोवती तीनदा त्याच्याच आतून गुंडाळायचं. भार नसताना गाठ हाताने सरकते, भार पडला की जागच्या जागी घट्ट होते. आम्ही ती अंगणात कपडे वाळत घालायच्या जाड दोरावर बांधली आणि तिला पाण्याने भरलेली कळशी अडकवली. पहिल्या खेपेला दोनच वेढे घेतले होते, कळशी खाली आली. तिसरा वेढा दिल्यावर धरली.

आता पुन्हा माडाकडे. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने चढायचं यंत्र बनवलं. दोन पायांसाठी दोन लोखंडी भाग, प्रत्येकाला खोडाभोवती जाणारा तारेचा दोर. ज्या पायावर भार, त्याची तार आवळते. दुसरा पाय मोकळा होऊन वर जातो. जिना चढल्यासारखं. म्हणजे तत्त्व मोकूचंच, पण एक दोर सैल होतो तेव्हा दुसरा धरून असतो. 2011 पासून नारळ विकास मंडळाने नारळवृक्षाचे मित्र नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात बायकाही आल्या आणि साडीऐवजी पँट-शर्ट घालून माडावर गेल्या.

पण यंत्र पायाला धरतं. वर नारळ तोडताना तोल गेला तर कमरेला काय? म्हणून कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने या यंत्राला जोडायची सुरक्षेची वेगळी व्यवस्था तयार केली. आमच्या वाडीत यंत्र आलं तेव्हा त्यासोबत कमरेचा पट्टा नव्हता. विकणारा म्हणाला, लागत नाही, कोणी वापरत नाही. चौघींनी यंत्र पडवीत ठेवलंय. पट्टा आणि खोडाभोवतीचा दुसरा दोर मागवलाय, पैसे गटाच्या बचतीतून दिलेत. तो येईपर्यंत त्या कमरेएवढ्या उंचीवर चढउतार करतायत, शाळेमागच्या ठेंगण्या माडावर, रोज संध्याकाळी.