धाब्याचं ओझं

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घराचं छप्पर पाऊस ठरवायचा. अकोल्याच्या डोंगरात, घाटघर-रतनवाडीकडे तो कोसळतो. तिथे छपरं उतरती, गवताची नाहीतर कौलांची. पूर्वेला पाथर्डी-जामखेडकडे तो हात आखडतो. तिथे धाब्याची घरं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, कड्या, वर काटक्या-फळ्यांचं किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला छतात सवणं ठेवायचं, घर मोजायचं ते खणांत.

माती कुठलीही चालत नसे. पांढरीचीच लागे, जुन्या गावठाणात पडक्या घरांच्या भिंती विरघळून साचलेली. पुरातत्त्वज्ञांचा डोळाही असल्याच टेकाडांवर. नेवाशाला सांकलियांचं उत्खनन १९५४ मध्ये सुरू झालं. प्रवराकाठच्या दायमाबादला तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची घरं निघाली. गावकरी मात्र पांढरी पाट्या भरभरून माथ्यावर चढवत. पणज्याची भिंत पणतवाचं छत व्हायची.

मृगाच्या तोंडावर घरातली माणसं धाब्यावर चढत. गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती पसरून चोपायची. जुनी माती उतरवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे. डागडुजीनेच घर जड होत गेलं.

अशाच ओझ्याची किंमत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीने मोजली. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं अशाच धाब्यांखाली, म्हणजे तिकडच्या माळवदांखाली, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा घट्ट होता, तिथे भिंती पडूनही छत तगल्याची उदाहरणं होती. अभियंत्यांनी सांगितलेला उपाय त्यामानाने स्वस्त होता: वरची माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार दगड घाला.

ही मधली वाट फार थोड्यांनी धरली. लाकूड महागलेलं, वाळवीची भीती, दरवर्षी माती चढवायला घरात माणसं कुठली? त्यापेक्षा स्लॅब बरा, मग तो वैशाखात तव्यासारखा का तापेना!

सरकारी मोजणीनेही धाब्याची बाजू घेतली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत मातीचं छत ‘कच्चं’ धरलं गेलं आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या सुरुवातीच्या ग्रामीण याद्या त्याच गणनेवरून निघाल्या. अनुदान मिळतं ते पक्क्या घरासाठी, पाया-लिंटल-छत अशा टप्प्यांनी. सागवानी तुळया शाबूत असलेलं धाबं हलकं करून घ्यायला त्यात रकाना नाही.