ओपनएसएसएल १.१

ओपनएसएसएल १.१ ही कूटलेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत लायब्ररीची जुनी आवृत्तीमालिका आहे. तिची अखेरची आवृत्ती १.१.१ ही ११ सप्टेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाली व तिचा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ यांत तिची जागा ३.० आवृत्तीने घेतली. परिणामी, जुन्या लायब्ररीवर अवलंबून असलेली अनेक पॅकेजेस या वितरणांवर बसेनाशी झाली.

जुन्या फाइलच्या नावाने नव्या लायब्ररीकडे सिमलिंक करणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय फसवा आहे. फाइलचे नाव जुळले, तरी आतील फंक्शनांवरील आवृत्तीची खूण जुळत नाही. त्यामुळे लोडर प्रोग्राम सुरूच करत नाही. मूळ संहिता उपलब्ध असल्यास नव्या लायब्ररीसह पुन्हा कंपाइल करणे श्रेयस्कर असते. ती नसल्यास जुनी लायब्ररी प्रोग्रामच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून पॅचएल्फ या साधनाने तिचा शोधमार्ग नोंदवतात, किंवा ॲपइमेजसारख्या स्वरूपात दोन्ही एकत्र बांधतात. फेडोरा ३६ ने मात्र जुनी लायब्ररी सुसंगततेसाठी वेगळ्या पॅकेजात पुरवली. सोबत बांधलेल्या प्रतीपर्यंत वितरणाच्या सुरक्षा-दुरुस्त्या पोहोचत नाहीत. ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी पॅकेज बनवणाऱ्यावरच येते.