स्नायुतंतूची घडण : एका शास्त्रीय वादाचा इतिहास

प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले आहे व प्रत्येक पेशीत सामान्यतः एकच केंद्रक असते, हा पेशीसिद्धांताचा पाया होय. या नियमाला कंकाल-स्नायूंचा तंतू हा ठळक अपवाद आहे. एकाच आवरणात शेकडो केंद्रके सामावणाऱ्या या तंतूला एक पेशी म्हणावे, की अनेक पेशींचा समुदाय? हा प्रश्न केवळ व्याख्येचा नव्हता. भ्रूणातील साधी पेशी विशिष्ट कार्याची पेशी कशी बनते, म्हणजेच तिचे प्रभेदन कसे होते, या मूलभूत प्रश्नाशी तो निगडित होता.

मराठी वाचकाला येथे परिभाषेचेही भान ठेवावे लागते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा खंड, आणि त्यांची संख्या तेथे 500 सांगितली आहे. ‘स्नायू’ हे नाव तेथे शरीराला बांधून ठेवणाऱ्या दोरासारख्या रचनांना आहे व त्यांची संख्या 900 आहे. हिंदीने ‘पेशी’ हा शब्द मांसाकडेच ठेवला व सूक्ष्म घटकाला ‘कोशिका’ म्हटले. मराठीत मात्र ‘पेशी’ हा शब्द त्या सूक्ष्म घटकाकडे गेला आणि मांसासाठी ‘स्नायू’ रूढ झाला. पुढील विवेचनात हे दोन्ही शब्द आजच्या मराठी अर्थानेच योजले आहेत.

थिओडोर श्वान यांनी 1839 मध्ये असे प्रतिपादन केले, की अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन स्नायुतंतू तयार होतो. रॉबर्ट रेमाक यांचे मत उलट होते. त्यांच्या मते एकच पेशी लांबत जाते व तिच्यातील केंद्रक पुनःपुन्हा विभागते. ऊतकाचे मृत व रंगविलेले छेद पाहून निर्णय करावयाचा असल्याने दोन्ही पक्षांना अनुकूल पुरावा सापडे आणि कोणताच पक्ष निरुत्तर होत नसे.

रॉस हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतक लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून दाखविले, आणि शरीराबाहेर ऊतक-संवर्धन करण्याचा मार्ग खुला झाला. मार्गारेट व वॉरन ल्यूइस यांनी 1917 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील स्नायूंच्या संवर्धनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तरीही वाद मिटला नाही, कारण पाहणे आणि सिद्ध करणे यांत अंतर होते.

ते अंतर तोडले रासायनिक खुणेने. फ्रँक स्टॉकडेल व हॉवर्ड होल्ट्झर यांनी 1961 मध्ये किरणोत्सर्गी थायमिडीन वापरले. नवे डीएनए तयार करणारे केंद्रकच ते ग्रहण करते. अल्पकाळ खूण दिली असता ती फक्त एककेंद्रकी पेशींत आढळली, बहुकेंद्रकी नलिकांत नाही. काही काळाने मात्र खूण असलेली केंद्रके नलिकांतही दिसू लागली. अर्थात ती नलिकेत जन्मलेली नसून बाहेरून आलेली होती. बिएट्रिस मिंट्झ व विल्बर बेकर यांनी 1967 मध्ये हीच गोष्ट जिवंत प्राण्यात सिद्ध केली. दोन वंशांच्या भ्रूणपेशी एकत्र करून जन्मविलेल्या उंदरांत एका विकराचे मिश्र रूप कंकाल-स्नायूंत आढळले. दोन्ही वंशांची केंद्रके एकाच तंतूत असल्याशिवाय ते संभवत नव्हते. सव्वाशे वर्षांनी श्वान यांचा पक्ष खरा ठरला.

दरम्यान अर्विन कोनिग्सबर्ग यांनी 1963 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील एकेका सुट्या पेशीपासून वसाहती वाढविल्या व त्यांत आडवे पट्टे असलेले तंतू मिळविले. स्नायू होण्याची क्षमता एकट्या पेशीच्या वंशात असते, हे यावरून निश्चित झाले. तथापि परिसर गौण ठरला नाही. आधी इतर पेशींनी वापरलेले पोषक द्रव्य त्यासाठी लागत असे. त्याचे बरेचसे कार्य कोलॅजेनचा थर करू शकतो, हे स्टीफन हाउश्का व कोनिग्सबर्ग यांनी 1966 मध्ये दाखविले.

आता नवा प्रश्न पुढे आला. संमीलनाच्या सुमारासच पेशीत मायोसीन व इतर विशिष्ट प्रथिने विपुल प्रमाणात तयार होऊ लागतात. मग संमीलन हेच त्याचे कारण मानावे काय? चार्ल्स इमर्सन व स्टीव्हन बेकनर यांनी 1975 मध्ये लावा पक्ष्याच्या पेशींचे संमीलन कॅल्शियमच्या अभावाने रोखले. पेशी सुट्याच राहिल्या, तरी मायोसीनची निर्मिती सुरू झाली. दोन घटना एकाच वेळी घडतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा जुना नियम येथे प्रयोगाने प्रत्ययास आला.

खरे नियंत्रण जनुकांकडे होते. हॅरोल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट डेव्हिस व अँड्र्यू लासर यांनी त्यांच्यासमवेत 1987 मध्ये ‘मायोडी’ या घटकाचा शोध प्रसिद्ध केला. संवर्धनातील तंतुजनक पेशींत त्याचे जनुक कार्यान्वित केले असता त्या स्नायुजनक बनल्या. 2013 मध्ये ‘मायोमेकर’ हे संमीलनास आवश्यक प्रथिन ज्ञात झाले. त्याचा अभाव असलेल्या उंदरांच्या भ्रूणांत स्नायुप्रथिने तयार होतात, परंतु बहुकेंद्रकी तंतू बनत नाहीत. प्रभेदन व संमीलन या दोन भिन्न प्रक्रिया असल्याचे याने पुन्हा स्पष्ट झाले.

या इतिहासात श्वान यांचे अनुमान खरे ठरले, हे गौण होय. ते खरे आहे असे म्हणण्याचा अधिकार शास्त्राला 1961 नंतर मिळाला, कारण केंद्रकाला ‘तू कोठून आलास’ असे विचारता येईल अशी खूण तोवर उपलब्ध नव्हती. रेमाक यांचा पक्ष इतका काळ टिकला तो हट्टामुळे नव्हे, तर प्रश्नाच्या तोडीचे साधन नसल्यामुळे.